चिकलठाणा ते नांदेड : अंतर आणि वेळ

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळयांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्यांची गोदामे आहेत. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला किंवा तंत्रज्ञाला विमानाने इथे यायचे असेल तर पश्चिमेला सुमारे पन्नास किलोमीटरवर, जालना रस्त्यालाच लागून, चिकलठाण्याचा विमानतळ आहे. आग्नेयेला सुमारे एकशे सत्तर किलोमीटरवर नांदेडचा. या दोन विमानतळांमधले अंतर किती, असा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात विचारून पाहावा. रेल्वेने गेलेला मुलगा सुमारे २४० किलोमीटर म्हणेल. रस्त्याने गेलेला त्याहून मोठा आकडा सांगेल. नकाशावर पट्टी ठेवणारी मुलगी २१५ च्या आसपास येईल. विमानाच्या दृष्टीने तिचे उत्तर बरोबर, पण ते तिला पट्टीने सापडले याचे कारण तिच्याआधी कोणीतरी नकाशा केला. नकाशा नसता तर?

आधी आजचे गणित करून घेऊ. चिकलठाणा विमानतळ १९.८६ अंश उत्तर, ७५.४० अंश पूर्व, नांदेड १९.१८ उत्तर, ७७.३२ पूर्व. अक्षांशांतला फरक ०.६८ अंश, रेखांशांतला १.९२ अंश. पृथ्वीच्या पृष्ठावर अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून दक्षिणोत्तर फरक ७५.६ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा आकसत जातो. आपल्याकडे, साडेएकोणीस अंशांवर, त्याला या कोनाच्या कोज्येने म्हणजे ०.९४२५ ने गुणावे लागते. पूर्वपश्चिम फरक येतो २०१ किलोमीटर. आता पायथागोरस : ७५.६ चा वर्ग अधिक २०१ चा वर्ग, त्याचे मूळ सुमारे २१५. पृथ्वी गोल असताना सपाट कागदावरचा पायथागोरस कसा चालतो, हे मुलांनी विचारायलाच हवे. दोनशे किलोमीटरच्या पल्ल्यात गोलीय त्रिकोणमितीचे उत्तर यापेक्षा फारसे वेगळे येत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क काढायचे असेल तर मात्र हे चालणार नाही. तिथे बृहद्वृत्ताची कमान उत्तरेकडे इतकी झुकते की नकाशावरची सरळ रेघ हा लांबचा मार्ग ठरतो.

या गणितात चार आकडे लागले. त्यांतले दोन, म्हणजे अक्षांश, फार पूर्वीपासून माणसाला काढता येत होते. उरलेल्या दोनांनी हजार-बाराशे वर्षे छळले.

भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० सालचा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. म्हणजे हा विषय आपल्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावरचाच. ग्रंथाच्या गोलाध्यायात भास्कराचार्य पृथ्वीचा परीघ ४९६७ योजने देतात आणि तो कसा काढायचा तेही सांगतात. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरची दोन नगरे घ्यावीत, त्यांचे अक्षांश मोजावेत, मधली योजने मोजावीत आणि त्रैराशिक मांडावे. अक्षांशांच्या एवढ्या फरकाला एवढी योजने, तर ३६० अंशांना किती? तर्क निर्दोष आहे. उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर, असे ते म्हणतात. आजच्या मापाने ती २३.१८ अंशांवर आहे. चूक ०.६८ अंश. आपल्या दोन विमानतळांच्या अक्षांशांतला फरकही नेमका एवढाच आहे! हा अर्थात योगायोग, पण ही चूक केवढी ते मुलांना दाखवायला सोयीचा.

योजन म्हणजे किती किलोमीटर यावर विद्वानांत वाद आहेत. आपल्याला त्या वादात पडण्याचे कारण नाही, कारण परीघ दिला आहे. २१५ किलोमीटर म्हणजे परिघाचे १.९३ अंश, ३६० अंशांना ४९६७ योजने, तर एवढ्यांना २६.७ योजने. चिकलठाणा ते नांदेड, भास्कराचार्यांच्या मापात, पावणेसत्तावीस योजनांना किंचित कमी. वैमानिक आज जो सागरी मैल वापरतात तोही याच कुळातला. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. त्या हिशेबाने हे अंतर ११६ सागरी मैल होते. पृथ्वीलाच मोजपट्टी करण्याची कल्पना दोन्हीकडे एकच.

आता रेखांश. सिद्धान्तकारांची शून्य रेषा ग्रिनिचची नव्हती. लंका (विषुववृत्तावरची, गणितातली लंका), उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि मेरू यांना जोडणारी मध्यरेखा ही त्यांची शून्य रेषा. एखादे गाव या रेषेच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे त्यावरून तिथला सूर्योदय किती आधी किंवा नंतर हे ठरे. त्या दुरुस्तीला देशांतर म्हणत, आणि पंचांग बरोबर येण्यासाठी ती आवश्यक असे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने (हे आपल्या भास्कराचार्यांहून पाचशे वर्षे आधीचे) 'महाभास्करीय' ग्रंथात या रेषेवरच्या गावांची यादीच दिली आहे. तिच्यात वत्सगुल्म आहे. वत्सगुल्म म्हणजे वाकाटकांची राजधानी, आजचे वाशीम.

नकाशा काढून पाहा. उज्जयिनीचा रेखांश ७५.७८ च्या आसपास, वाशीमचा ७७.१३. वाशीम त्या रेषेवर नाही. तिच्या पूर्वेला सुमारे एकशे चाळीस किलोमीटरवर आहे. मग आपल्या भागात ती रेषा जाते कुठून? छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालो की बदनापूर ओलांडल्यावर आणि जालन्याची एमआयडीसी येण्यापूर्वी कोठेतरी आपण उज्जयिनीची मध्यरेखा ओलांडतो. रस्त्यावर तशी पाटी नाही. असायला हरकत नव्हती.

यादी करणाऱ्यांना हसण्यापूर्वी चुकीचा आकार पाहावा. रेखांशांतला फरक म्हणजे स्थानिक वेळेतला फरक, एका अंशाला चार मिनिटे. दोन गावांची घड्याळे जुळवायची तर दोघांनाही एकाच क्षणी दिसणारी घटना हवी. ती त्यांच्याकडे एकच होती : चंद्रग्रहण. ग्रहण लागले तेव्हा इथे रात्रीच्या किती घटिका झाल्या आणि गणिताने उज्जयिनीत किती व्हायला हव्या होत्या, एवढ्यावर सारे. वाशीमची चूक १.३५ अंशांची, म्हणजे सुमारे साडेपाच मिनिटांची. घटिकापात्राच्या भाषेत चौदा पळांच्या आत-बाहेर. छायेची कड चंद्रबिंबाला नेमकी केव्हा लागली हे नुसत्या डोळ्यांनी ठरवताना काही मिनिटे इकडची तिकडे सहज होतात. पुन्हा पाण्यात बुडणारे भोकाचे भांडे रात्रभर चुकायचे ते वेगळे. साडेपाच मिनिटे म्हणजे थोडी, आणि जमिनीवर पाहिले तर एकशे चाळीस किलोमीटर! रेखांशाचा सारा जाच या गुणोत्तरात आहे.

अंतर ठाऊक नसण्याची किंमत पंचांगापुरतीच राहत नाही. ज्या बदनापूरजवळून ही रेषा जाते तिथे २१ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांचे सैन्य भोकरदनकडे असल्याची बातमी होती. मध्ये डोंगराची रांग. दोन तुकड्यांनी ती दोन वाटांनी ओलांडावी, वेलस्लीने पूर्वेकडून, स्टीव्हन्सनने पश्चिमेकडून, आणि २४ तारखेला एकत्र हल्ला करावा असे ठरले. २३ तारखेला वेलस्ली नौलनीच्या मुक्कामी पोचला तेव्हा त्याला कळले की शत्रू अपेक्षेच्या निम्म्याच अंतरावर, पाच-सहा मैलांवर आहे. छावणी भोकरदनला एका जागी नव्हती. ती केळणा नदीच्या काठाने पूर्वेला असईपर्यंत पसरलेली होती. भोकरदन आणि असई यांच्यात सरळ रेषेत बारा-तेरा किलोमीटर आहेत. हरकाऱ्यांच्या बातमीत गावाचे नाव होते. अंतर आणि दिशा नव्हती.

स्टीव्हन्सनची वाट न पाहता वेलस्लीने त्याच दुपारी लढाई दिली. नदीला उतार कुठे आहे हेही त्याला माहीत नव्हते. वाटाड्ये म्हणत, या बाजूला उतार नाहीच. दुर्बिणीतून त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर गावे आहेत तर येण्याजाण्याला उतार असणारच, असे त्याने अनुमान केले, आणि उतार होता. हे अनुमान इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या बुद्धीचा दाखला म्हणून येते. मला त्यात नकाशाचा अभाव अधिक दिसतो. त्या दिवशी त्याच्या बाजूचे मृत आणि जखमी मिळून दीड हजारांवर गेले, आणि शिंद्यांचे बाराशे सैनिक रणांगणावर मरून पडल्याचे त्याने कळवले. स्टीव्हन्सन दुसऱ्या दिवशी पोचला.

याच वेलस्लीच्या पाठिंब्याने, असईच्या आदल्या वर्षी, विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली पायारेषा मोजली होती. लॅम्बटन वेलस्लीच्याच पलटणीतला. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या मोहिमेत रात्रीच्या कूचीत त्याने ताऱ्यांवरून ओळखले की आपण दक्षिणेऐवजी उत्तरेला, थेट शत्रूकडे चाललो आहोत. सेनापती बेअर्डने आधी ते उडवून लावले. नंतर होकायंत्राने लॅम्बटनची बाजू घेतली.

लॅम्बटनच्या पद्धतीत घड्याळाचा जाच बराच कमी झाला. जमिनीवर एक रेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजायची. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन थिओडोलाइटने घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन मिळाले की त्रिकोण सुटला. त्या त्रिकोणाची बाजू ही पुढच्या त्रिकोणाची पायारेषा. नववीच्या भूमितीतले हे तत्त्व अर्धा टन वजनाच्या यंत्रासह जंगला-डोंगरांतून नेण्यात त्याची वीस वर्षे गेली. त्याचा मोठा कंस ७८ रेखांशाच्या आसपास, नांदेडच्या पूर्वेकडून, उत्तरेला सरकत आला. १८१५ मध्ये बिदरजवळ पायारेषा झाली. पुढचा पल्ला वऱ्हाडातून होता. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला लॅम्बटनचा मृत्यू झाला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेले.

एव्हरेस्टने या मोजणीवरून पृथ्वीचा आकार काढला. विषुववृत्तीय त्रिज्या ६३७७.२७६ किलोमीटर, ध्रुवांकडचा चपटेपणा सुमारे तीनशेत एक. १८३० सालचा हा 'एव्हरेस्ट गोलाभ' आपल्या नकाशांचा पाया झाला आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ राहिला. उपग्रहांच्या मापाने आज ही त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर धरली जाते. फरक एक किलोमीटरहून कमी. साखळी आणि थिओडोलाइटने मिळवलेले हे उत्तर आहे, हे लक्षात घ्यावे.

तरी त्या फरकाने विमानांपुढे एक अडचण उभी केली. एव्हरेस्टचा गोलाभ भारतापुरता पृथ्वीवर चपखल बसवलेला होता. त्याचे केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रावर नव्हते. त्यामुळे जुन्या पद्धतीने दिलेला चिकलठाण्याचा अक्षांश-रेखांश आणि उपग्रहाने दिलेला, यांत जमिनीवर शंभर-दीडशे मीटरांचे अंतर पडते. दोन विमानतळांमधले अंतर काढायला याने काही बिघडत नाही, कारण दोन्ही ठिकाणे सारखीच सरकतात. पण उतरणाऱ्या विमानाला अंतर नव्हे, जागा हवी असते. धावपट्टी साधारण ४५ मीटर रुंद! जमिनीवरच्या रेडिओ केंद्राकडे पाहून विमाने उतरत तोवर याने कोणाचे अडले नाही. उपग्रहांवरून मार्ग काढणे आले तेव्हा मात्र साऱ्या जगाचा गोलाभ एक करणे भाग पडले, आणि १ जानेवारी १९९८ पासून हवाई वाहतुकीसाठी 'डब्ल्यूजीएस-८४' ही पद्धत आंतरराष्ट्रीय नियम झाली.

अंतर झाले. आता वेळ. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या, पंख्यांच्या लहान विमानाला २१५ किलोमीटर जायला २६ मिनिटे लागतील, असे मुले चटकन सांगतील. वेळापत्रके बनवणारा माणूस मात्र पन्नास मिनिटांच्या आसपास धरेल. मधली चोवीस मिनिटे कुठे गेली?

समजा विमान पाच किलोमीटर उंचीवर जाणार आहे आणि सरासरी सेकंदाला सहा मीटर चढते. चढायलाच चौदा मिनिटे लागली, आणि चढताना वेग ताशी ३०० धरला तर तेवढ्यात सत्तर किलोमीटर संपले. उतरताना सेकंदाला साडेसात मीटर, वेग ताशी ४००. अकरा मिनिटे, चौऱ्याहत्तर किलोमीटर. पूर्ण वेगाने जायला उरले एकाहत्तर किलोमीटर, साडेआठ मिनिटांचे. एकूण चौतीस मिनिटे. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे-येणे आणि वाऱ्याची दिशा पाहून योग्य टोकाकडून उतरण्यासाठी घातलेला वळसा मिळवला की पन्नास होतात. जवळच्या दोन गावांमधला विमानप्रवास कासवगतीचा वाटतो त्याचे कारण एवढेच. तो जवळजवळ सगळा चढ-उतारच असतो.

वारा हा आणखी एक मुद्दा, आणि वर्गात घेण्यासारखा. समजा पश्चिमेचा ताशी ६० किलोमीटरचा वारा मार्गाच्या नेमक्या दिशेने आहे आणि चढ-उतार विसरू. जाताना वेग ५६०, वेळ २३ मिनिटे. येताना ४४०, वेळ २९.३ मिनिटे. बेरीज ५२.३, वाऱ्याशिवाय ती ५१.६ झाली असती. जाताना जे मिळाले ते येताना परत दिले, असे होत नाही. थोडे जास्तच द्यावे लागते, कारण उलट्या वाऱ्यात विमान अधिक वेळ घालवते. नदीतल्या नावेचे जुने उदाहरण हेच आहे.

जमिनीवरची मिनिटेही फुकट नसतात. २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईकडे निघाले. सरळ अंतर सुमारे २८० किलोमीटर. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता. विमान उशिरा उचलले गेले, त्याची चाके रस्त्यावरून चाललेल्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला लागली, पुढे ते विजेच्या तारांना धडकून कोसळले. ५५ माणसे गेली. चौकशीत वैमानिकांनी विमान उचलायला केलेला उशीर आणि विमानाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखणे, ही दोन कारणे पुढे आली. कुठलीही धावपट्टी मोजून दिलेली असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती कमीच पडू पाहते. विमानतळ समुद्रसपाटीपासून ५८२ मीटर उंच. तापमान ४० अंश असेल तर हवेची घनता प्रमाण घनतेपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. तेवढेच वजन उचलायला वेग ८ टक्के जास्त लागतो, धाव त्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि विरळ हवेत इंजिनेही कमी जोर देतात.

अंतराच्या आकड्याला सरकारी कागदावरही वजन आहे. २०१६ च्या उडान योजनेत तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २५०० रुपये भाडे ठरवले गेले आणि डोंगराळ, दुर्गम भाग वगळता मार्गांची लांबी २०० ते ८०० किलोमीटर धरली गेली. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेची पहिली उड्डाणे झाली, त्यांत नांदेड–हैदराबाद होते; सरळ अंतर सुमारे २४५ किलोमीटर. चिकलठाणा–नांदेडचे २१५ त्या मर्यादेत जेमतेम बसते.

शेवटी एक प्रयोग. याला एक नांदेडची शाळा, एक छत्रपती संभाजीनगरची, दोन सरळ काठ्या आणि दोन बरोबर लावलेली घड्याळे लागतात. काठी ओळंब्याने उभी करावी. सकाळी अकराच्या सुमारास सावलीच्या टोकातून, काठी केंद्र धरून, जमिनीवर वर्तुळ काढावे. दुपारी सावलीचे टोक पुन्हा त्या वर्तुळाला टेकेल ती वेळ टिपावी. दोन वेळांच्या मध्यावर स्थानिक मध्यान्ह. १६ एप्रिल किंवा २५ डिसेंबरच्या सुमारास सूर्य घड्याळाशी जुळलेला असतो; तेव्हा भारतीय प्रमाणवेळेनुसार संभाजीनगरला मध्यान्ह १२ वाजून २८ मिनिटांनी, जालन्याला साडेसव्वीस मिनिटांनी, नांदेडला २१ मिनिटांच्या जरा आधी यायला हवा. तारीख दुसरी असली तरी चालेल, दोन्ही शाळांनी एकाच दिवशी मोजले म्हणजे झाले. दोन मध्यान्हांतला फरक ७ मिनिटे ४० सेकंद मिळाला पाहिजे. त्याला चाराने भागले की रेखांशांतला फरक अंशांत मिळतो, आणि पुढचे गणित वर दिलेच आहे. अर्ध्या मिनिटाची चूक झाली तर उत्तर तेरा किलोमीटरने चुकेल. सावलीची कड पुसट असते, म्हणून काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठा बसवावा आणि सावलीऐवजी त्यातून पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरावा.